कोडी फुकट मिळतं, माझ्याकडून त्याच्या "ॲक्टिव्हेशन"चे १,४९९ रुपये घेतले

हे जरा सविस्तरच लिहितोय. कोडी नावाचा व्हिडिओ प्लेअर टाकलेला टीव्हीचा बॉक्स ज्यानं मला खोटं सांगून विकला, त्याच माणसाची तीच जाहिरात मागच्या आठवड्यात नवीन फोटो लावून परत दिसली आणि डोकंच फिरलं, म्हणलं आता लिहायचंच, निदान अजून चार जणांचे पैसे तरी वाचतील.

आमचे बाबा बरीच वर्षं वारीला जायचे, आळंदी ते पंढरपूर पायी, आणि बरोबर हँडीकॅम न्यायचे. दिवेघाटातली दिंडी, वाखरीचं रिंगण, मुक्कामाला तंबूत बसून म्हटलेले अभंग, मधेच बाबांचा आवाज, "ए जरा बाजूला हो, माउलींचा अश्व येतोय". त्या सगळ्या टेपा मी पैसे देऊन कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या आणि एक टीबीच्या पोर्टेबल हार्डडिस्कमध्ये ठेवल्या. बाबा २०२१ ला गेले. आईला ते व्हिडिओ बघायचे असतात, पण आमचा टीव्ही जुना, यूएसबीला डिस्क लावली की निम्म्या फायली चालतच नाहीत, आणि दर वेळी लॅपटॉप जोडून द्यायला मी घरी नसतो. म्हणून छोटासा स्वस्तातला कॉम्प्युटर टीव्हीच्या मागं कायमचा लावून टाकायचा आणि आईनं रिमोटनं बघायचं, एवढीच गरज होती. ऑफिसमधल्या मित्रानं सांगितलं की रास्पबेरी पाय, म्हणजे तळहाताएवढा कॉम्प्युटर बोर्ड, घे आणि त्यावर कोडी टाक, त्यानं बरोबरच सांगितलं होतं, पण मी ते स्वतः करायच्या ऐवजी तयार बॉक्स शोधायला गेलो आणि तिथंच घोळ झाला.

जुन्या नव्या वस्तू विकतात त्या एका ॲपवर जाहिरात दिसली. रास्पबेरी पाय ४, ४ जीबी, फुल्ली लोडेड कोडी, सगळे ओटीटी, ८०० चॅनेल, लाइफटाइम, किंमत ८,२००. फोन केला तर माणूस एकदम गोड बोलणारा. "सर, आईंसाठी घेताय ना, मग काळजीच करू नका, मी स्वतः येऊन लावून देतो." मी त्याला विचारलं की सॉफ्टवेअर कुठलं चांगलं, कारण मी थोडंफार वाचलं होतं, लिब्रेएलेक, ओएसएमसी, जेलीफिन, प्लेक्स अशी नावं डोक्यात होती पण कशात काय फरक ते काही कळत नव्हतं. तर तो म्हणाला, लिब्रेएलेक म्हणजे कोडीची फ्री व्हर्जन, त्यात क्वालिटी कमी येते. ओएसएमसी बंद पडलंय. जेलीफिन पायवर चालत नाही. "माझ्याकडं कोडी प्रीमियम आहे सर, त्याचं ॲक्टिव्हेशन १,४९९, एकदाच." मी दिले. एकूण ९,६९९, यूपीआयनं, बिल नाही. बिल मागितलं तर म्हणाला बिल पाहिजे तर जीएसटी लागेल, आणि मी पण सोडून दिलं.

आता त्या एकेका वाक्यात काय खोटं होतं ते सांगतो, कारण हेच मला आधी कोणी सांगितलं असतं तर पुढचं काही झालंच नसतं.

कोडी हे फुकट आणि ओपन सोर्स आहे. २०१४ पर्यंत त्याचं नाव एक्सबीएमसी होतं, म्हणजे एक्सबॉक्स मीडिया सेंटर, कारण सुरुवात एक्सबॉक्सवर झाली होती. त्याची प्रीमियम व्हर्जन नाही, ॲक्टिव्हेशन नाही, लायसन्स की नाही, काहीही नाही. आणि कोडीबरोबर एकही सिनेमा किंवा चॅनेल येत नाही, तो फक्त प्लेअर आहे, तुमच्याकडं जे आहे ते नीट मांडून दाखवतो. कोडी बनवणारे लोक स्वतःच वर्षानुवर्षं सांगतायत की आम्ही कंटेंट देत नाही आणि हे "फुल्ली लोडेड" बॉक्स विकणारे आमचं नाव खराब करतात.

लिब्रेएलेक ही कोडीची कमी क्वालिटीवाली व्हर्जन वगैरे नाही. ती एक छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे जिच्यात कोडी चालवायला लागतं तेवढंच ठेवलंय, बाकी सगळं काढून टाकलंय, म्हणून ती छोट्या बोर्डावर हलकी चालते. २०१६ ला ओपनएलेक नावाच्या तसल्याच जुन्या सिस्टिममधून फुटून निघाली. आत कोडी तेच, चित्र तेच. ओएसएमसी डेबियन या पूर्ण लिनक्स सिस्टिमवर बनवलेली आहे, म्हणजे कोडीबरोबर त्याच बोर्डावर अजून काही चालवायचं असेल तर ती बरी पडते. जेलीफिन आणि प्लेक्स ही वेगळीच जात आहे, ते सर्व्हर आहेत, म्हणजे घरातल्या एका मशीनवर फायली ठेवायच्या आणि तीन टीव्ही, दोन मोबाइल सगळ्यांवर बघायच्या. जेलीफिन २०१८ ला एम्बी नावाच्या तसल्याच सर्व्हरमधून वेगळं झालं, पूर्ण फुकट आहे, पायवर चालतं पण, फक्त व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्यात चालता चालता बदलायचा असेल तर तिथं पायचा जीव कमी पडतो. प्लेक्सचा पास मात्र खरोखर पैशाचा असतो. माझ्यासारखं एक टीव्ही आणि एक हार्डडिस्क असेल तर सर्व्हरची गरजच नाही, लिब्रेएलेक बास झालं. एवढं साधं होतं हे.

तर माणूस आला, बॉक्स लावला. धातूची केस, वर त्याचं स्टिकर "पाय ४ - ४ जीबी", स्क्रूवर दुसरं स्टिकर, उघडलं तर वॉरंटी जाईल. पॉवरला साधा मोबाइलचा चार्जर. चालू केलं, चॅनेल दिसले, आई खूश, मी पण खूश. आठ दिवसांत त्रास सुरू झाला. भावानं आयफोनवर काढलेले मुंजीचे व्हिडिओ लावले की अडखळत चालायचे, आवाज पुढं आणि चित्र मागं. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात पिवळं विजेचं चिन्ह यायचं. फोन केला तर म्हणाला, "सर ते पॉवर चालू असल्याचं चिन्ह आहे, नॉर्मल आहे."

नॉर्मल नाहीये ते. पिवळी वीज म्हणजे बोर्डाला व्होल्टेज कमी पडतंय असा इशारा आहे. आणि त्याच बोर्डावरून माझी हार्डडिस्क चालत होती, तिला स्वतःचा वेगळा पॉवर नाही. कमी व्होल्टेजनं ती मधेच बंद पडायची, परत चालू व्हायची, टक टक आवाज यायचा. एकदा वाखरीचं रिंगण लावलेलं असताना बंद पडली आणि नंतर अर्धा दिवस दिसेचना, आई काही बोलली नाही, नुसती टीव्हीकडं बघत बसली. बाबांचा आवाज फक्त त्या एका डिस्कवर होता. पैसे गेले त्याचं वाईट वाटलंच, पण त्या दिवशी जी भीती वाटली ती मी त्या माणसाला माफ करणार नाही. दुसऱ्या दिवशी पहिलं काम केलं ते म्हणजे दुसरी डिस्क आणून सगळं कॉपी करून घेतलं. तुमच्याकडं असं काही एकाच ठिकाणी असेल तर बॉक्स बिक्स नंतर बघा, आधी कॉपी करा.

जानेवारीत चॅनेल बंद झाले. त्याला फोन, तर सर्व्हर मेंटेनन्स. मग, "सर ९९९ भरा, रिन्यू करून देतो." म्हणलं लाइफटाइम होतं ना, तर म्हणे लाइफटाइम बॉक्सचं, चॅनेलचं नाही. खरं सांगायचं तर ते चॅनेल चोरीचेच होते, भलत्याच ॲडऑनमधून, म्हणजे कोडीत वरून टाकायच्या छोट्या प्रोग्रॅममधून येणारे, आणि हे मला आधीच कळायला पाहिजे होतं. असल्या ॲडऑनमधून काय काय घरात येऊ शकतं याचं एक उदाहरण देतो, २०१८ ला ईसेट या अँटिव्हायरस कंपनीनं शोधून काढलं होतं की कोडीच्या काही बाहेरच्या ॲडऑनमधून लोकांच्या मशीनवर गुपचूप मोनेरो मायनिंग, म्हणजे दुसऱ्यासाठी क्रिप्टो चलन कमवायचं काम चालू होतं. आणि ओटीटीचं पण ऐका, ते लोक एचडी चित्र फक्त त्यांनी मान्य केलेल्या डिव्हाइसलाच देतात, त्यामुळं "कोडीवर सगळे ओटीटी फुल एचडी" असं कोणी म्हणलं की तिथंच फोन ठेवा. ओटीटीच बघायचं असेल तर सरळ चांगल्या कंपनीची स्टिक घ्या.

मे महिन्याच्या सुट्टीत भाची आली, पॉलिटेक्निकला आहे. तिला म्हणलं बघ गं हे काय करता येतं का. ती म्हणाली हे सगळं पुसून स्वच्छ लिब्रेएलेक टाकूया, नवीन मेमरी कार्ड आणलं, पाय ४ ची इमेज, म्हणजे कार्डवर टाकायची तयार सिस्टिमची फाइल, उतरवली, कार्डवर लिहिली, लावली, तर चालूच होईना. दोनदा केलं, तीनदा केलं. मग तिनं बॉक्स हातात घेतला, फिरवून फिरवून बघितला आणि म्हणाली, "मामा, हा पाय ४ नाहीच आहे." केस उघडलीसुद्धा नव्हती तिनं. पाय ४ ला दोन बारीक एचडीएमआय असतात आणि पॉवरला सी टाइप. याला एकच मोठं एचडीएमआय आणि पॉवरला जुनं मायक्रो यूएसबी. पाय ४ च्या चार यूएसबीपैकी दोन निळ्या असतात, याच्या चारही काळ्या. सगळं बाहेरून दिसत होतं, सहा महिने माझ्यासमोर होतं. मग पाय २ आणि ३ ची इमेज टाकली तर पटकन चालू झालं, कोडीच्या सिस्टिम इन्फोमध्ये मेमरी बघितली तर एक जीबीच्या आतच. शेवटी स्टिकर काढून केस उघडली, बोर्डावर सरळ छापलंय, रास्पबेरी पाय ३ मॉडेल बी प्लस. पाय ३ चार जीबीत येतच नाही, एकच जीबी असते. मूळ कार्डात काय होतं ते पण तिनं बघितलं, २०१९ मधलं कोडी १८, कुठून तरी कॉपी मारलेलं. कोडी १९ पासून ॲडऑन पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या ३ व्हर्जनवर गेले, म्हणून मला नवीन ॲडऑन टाकायला गेलं की एरर यायचा. १,४९९ चं प्रीमियम ते हे.

मुंजीचे व्हिडिओ का अडखळत होते तेही तेव्हाच कळलं. आयफोन आता सहसा एचईव्हीसी प्रकारात व्हिडिओ काढतो, पाय ४ मध्ये ते उलगडायची सोय चिपमध्येच आहे, पाय ३ मध्ये नाही, सगळा भार प्रोसेसरवर येतो. त्यामुळं बोर्ड घेताना पहिला प्रश्न हा विचारा की आपल्याकडचे व्हिडिओ कुठल्या प्रकारातले आहेत, सॉफ्टवेअर नंतर.

आमच्या शेजारच्या काकांनी याच काळात दोन हजारांचा बिननावाचा अँड्रॉइड बॉक्स घेतला, तो मी त्यांना काढून ठेवायला लावला. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयनं बॅडबॉक्स २.० नावाच्या प्रकाराबद्दल इशारा दिला होता, असल्या स्वस्त बॉक्सात कारखान्यातूनच व्हायरस घालून येतो नाहीतर सेटअप करताना टाकायला लावलेल्या ॲपमधून येतो, आणि आपल्या घरचं इंटरनेट दुसऱ्यांच्या धंद्याला वापरलं जातं. गुगलनं त्या लोकांवर केस पण केली, एक कोटीच्या वर डिव्हाइस सांगतायत. काकांना पटायला वेळ लागला, पण पटलं.

त्या माणसाला मी बोर्डाचा फोटो पाठवला. आधी म्हणाला तुम्हीच बदलला असेल. मग मी जाहिरातीचे स्क्रीनशॉट, यूपीआयची पावती आणि त्याचा "४ जीबी गॅरंटी" म्हणलेला मेसेज पाठवला, ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला तक्रार केली आणि तक्रारीचा नंबरही त्याला पाठवला. दोन दिवसांनी ३,००० परत आले, मग त्यानं मला ब्लॉक केलं. १९३० च्या सायबर हेल्पलाइनला पण फोन केला, पण मी फार उशीर केला होता, तिथं पैसे गेल्या गेल्या फोन करावा लागतो, म्हणजे पुढच्या खात्यात अडवता येतात. जाहिरात नवी असतानाच तिचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते म्हणून निदान एवढं तरी झालं, कारण तक्रारीनंतर त्यानं ती लगेच उडवली.

तोच पाय ३ आता आईच्या टीव्हीला आहे. पायचा चांगला ॲडॉप्टर आणला, डिस्कला स्वतःचा पॉवर असलेला यूएसबी हब लावला, पिवळी वीज परत दिसली नाही. बाबांचे हँडीकॅमचे व्हिडिओ त्याच्यावर अगदी नीट चालतात, त्याला पाय ४ लागतच नव्हता. मुंजीचे तेवढे भाचीनं लॅपटॉपवर हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमधून एच २६४ या जुन्या प्रकारात करून दिले. आणि वेगळा रिमोट पण लागला नाही, टीव्हीच्याच रिमोटनं कोडी चालतं, एचडीएमआयमधूनच, फक्त टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी चालू करावं लागतं, सॅमसंगला त्याला ॲनीनेट प्लस म्हणतात, एलजीला सिंपलिंक, सोनीला ब्राविया सिंक. आई आता दुपारी जेवण झालं की स्वतःच लावते, भाचीला फोन करून सांगते आज दिवेघाटापर्यंत आले म्हणून.

माझे ६,६९९ अजून अडकलेत, तक्रार चालू आहे, आणि त्याची नवीन जाहिरात परवा ॲपवर रिपोर्ट केली. तिच्यात आता "पाय ५, कोडी अल्ट्रा" लिहिलंय, आणि फोटोत एकच मोठं एचडीएमआय दिसतंय.