प्रीगाबालिन ७५ : आठ महिने, आणि मधली ती भलतीच स्ट्रिप

मागच्या महिन्यात केमिस्टशी वाद झाला नसता तर हे लिहायला बसले नसते. मधुमेह चौदा वर्षांचा. तळपायांची आग, रात्री चादरीचा स्पर्शही नको होणं, हे ज्यांना आहे त्यांना वेगळं सांगायला नको. डॉक्टरांनी रात्री नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन ७५ दिली आणि रोज झोपताना दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्यायला सांगितलं. कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाखाली तो लिहू लागले. पहिल्या आठवड्यात ७, ७, ८. सकाळी डोकं जड, जिना उतरताना कठडा धरावा लागे. पंधरा दिवसांनी चक्कर ओसरली, सहाव्या आठवड्यात ५ आला आणि सलग झोप लागू लागली. पावलांना थोडी सूज आली, वजन दोन किलो वाढलं, ते चालवून घेतलं.

मग ती स्ट्रिप. चिठ्ठीवर साधी प्रीगाबालिन होती. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "काकू, तेच आहे, वर बी-ट्वेल्व्हपण आहे." किंमत जवळजवळ दुप्पट. चार दिवस तोंडाला कोरड, पोट साफ होईना, दहा वाजेपर्यंत झापड. ह्यांनी चष्मा लावून स्ट्रिप खिडकीच्या उजेडात धरली: प्रीगाबालिन ७५, मिथाइलकोबालामिन (म्हणजे ते बी-१२) आणि नॉर्ट्रिप्टिलिन १०. हे तिसरं मूळचं नैराश्यावरचं, नसांच्या दुखण्यावरही देतात; कोरड, बद्धकोष्ठ, झापड त्यानेच येते. चंदेरी कागदावर फिकट निळी, मुंगीएवढी अक्षरं. ती अक्षरं माझ्या डोक्यातून जातच नाहीत. हे औषध लागणाऱ्या कितीतरी जणांचे डोळेही साखरेने अधू झालेले असतात, त्यांनी हे वाचायचं कसं? फोडलेली स्ट्रिप दुकानदाराने परत घेतली नाही. प्रीगाबालिन एकदम बंद करायची नसते, म्हणून त्याच संध्याकाळी दुसरीकडून साधी आणली.

तेव्हापासून मिश्र गोळ्यांवर माझा रागच होता. तो आता निवळलाय. मधुमेहाने नसा दुखणाऱ्या १३० रुग्णांवर ब्रिटनमधल्या १३ केंद्रांत झालेली ऑप्शन-डीएम ही चाचणी २०२२ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आली. अमिट्रिप्टिलिन, ड्युलॉक्सेटिन, प्रीगाबालिन, या दुखण्यावरच्या तीन औषधांपैकी सुरुवात कशानेही करा, १६ आठवड्यांनी सरासरी दुखणं ६.६ वरून ३.३ वर आलं. एकाने भागलं नाही त्यांना दुसरं जोडल्यावर आणखी उतार पडला. नॉर्ट्रिप्टिलिन अमिट्रिप्टिलिनच्याच जातीचं, म्हणजे जोडी मुळात वाईट नाही. पण तिथे आधी सहा आठवडे एकच औषध, दुसरं त्यानंतर. मग काय सोसतं आणि काय नाही ते कळतं. मला दोन्ही एकाच कॅप्सूलमध्ये मिळाली, तीही डॉक्टरांना न विचारता. मेटफॉर्मिनने बी-१२ कमी होऊ शकतं म्हणून तेही तपासलं. ते ठीक निघालं, म्हणजे ते जादाचे पैसेही वायाच गेले.

आता जनऔषधीतली साधी घेते. आठवडाभर ३ आहे, आणि त्यासाठी मी या औषधाची मनापासून ऋणी आहे. बधिरपणावर मात्र त्याचा काही उपयोग नाही. डॉक्टरांनी संवेदना तपासायला १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू टेकवला, तो अंगठ्याखाली अजूनही कळत नाही. मंगळवारी देवळातून चालत घरी आले तर चपलेत खडा आणि तळव्याला फोड. त्या रात्रीही चौकटीत ३ च लिहिला, खडा टोचलेला कळलाच नव्हता.