बचत गटाचं गांडूळ खत लग्नाच्या लॉनला कसं आहे, वापरून सांगतो

लग्नाचं लॉन चालवणाऱ्यांसाठी लिहितोय. शेतकरी भावांनी वाचलं तं वाचा, पण जी हरळी तुम्ही वावरातून खोदून खोदून काढता तीच आम्ही इथं पैसे मोजून वाढवतो, त्यामुळे आधीच माफी असू द्या. आमचं लॉन वर्धा-हिंगणघाट पट्ट्यात, जमीन काळी भारी, उन्हाळ्यात भेगा नि पावसाळ्यात चिखल. बाजूच्या गावातल्या बायांचा बचत गट गांडूळ खत बनवतो, 40 किलोची गोणी, किलोला दहा रुपये, घरपोच. त्याच खताबद्दल लिहितो.

माल चांगला आहे, आधी तेच सांगतो. काळं, चहापत्तीसारखं मोकळं, वास नाही, चाळून देतात. चाळणीला लय महत्त्व आहे, कारण वावरात ढेकळं चालतात पण लॉनवर खडा राहिला की मॉवरचं पातं गेलंच समजा. सरकारी नियमात सुद्धा गांडूळ खताचा 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून पडला पाहिजे असं आहे, आणि ओल 15 ते 25 टक्के. ह्यांचा माल चाळणीत पास, ओलीत मात्र कधी पास कधी नापास. पावसाळ्यात गोणी उचलली की कळते, मूठ दाबली की गोळा होते. बाप्पा, पाणी कशाला दहा रुपये किलोनं विकत घ्यायचं? ताईंना सांगितलं तर आता आधी सावलीत पसरून मग भरतात, तरी झडीच्या दिवसात घेऊ नका.

आता मुद्द्याचं. आमच्या इकडे दोन टोकं आहेत. एक म्हणते युरिया फेका, 45 किलोची गोणी 266 रुपये 50 पैशाला भेटते, चार दिवसात लॉन हिरवंगार. दुसरा म्हणते सगळं सेंद्रिय करा, रासायनिक बंद. मी दोघांचंही ऐकत नाही, कारण हिशेब लावला की दोन्हीकडं गडबड निघते. युरियात नत्र (नायट्रोजन) 46 टक्के, म्हणजे गोणीत 20 किलोच्या वर. आणि गांडूळ खतात नियमाप्रमाणे कमीत कमी 1 टक्का, म्हणजे गोणीत 400 ग्रॅम. एका युरियाच्या गोणीची बरोबरी करायला पन्नासवर गोण्या लागतील राजेहो! आणि त्या पन्नास गोण्यांबरोबर 16 किलो स्फुरद (फॉस्फरस) फुकटात येते, कारण ह्या खतात नत्र नि स्फुरद जवळपास सारखेच असतात, गवताला मात्र स्फुरद नत्राच्या पाव हिश्शाएवढंच लागते. उरलेलं जाते कुठं? जमिनीत साचते.

आमच्या माती परीक्षणात नेमकं हेच आलं. नत्र कमी, पालाश म्हणजे पोटॅश भरपूर (काळ्या जमिनीत असतेच), स्फुरद जास्त, सामू (पीएच) आठाच्या वर. स्फुरद कशानं वाढलं तर आधीचे माळी दरवर्षी डीएपी फेकत होते, काहून तं सगळे फेकतात म्हणून. डीएपीत 46 टक्के स्फुरद असते भाऊ, त्याची इथं गरजच नव्हती. म्हणून खत कोणतंही घ्या, आधी माती कृषी विज्ञान केंद्रात द्या. चार-पाच जागची घेऊन एकत्र करा, जेवणाच्या पंगतीच्या कोपऱ्यातली नका घेऊ.

मग नत्र आणायचं कुठून? तर ते आपल्याच लॉनमध्ये असते आणि आपणच ते गोण्या भरून उकिरड्यावर टाकतो. कापलेल्या गवताच्या सुक्या पात्यात 3 ते 4 टक्के नत्र असते, गांडूळ खताच्या तिप्पट-चौपट, आणि तेही गवताला लागते त्याच प्रमाणात. मॉवरच्या मागची पेटी काढून ठेवली नि चुरा तिथंच पडू दिला तर लॉनच्या वर्षाच्या गरजेचा साधारण पाव हिस्सा नत्र तिथल्या तिथं परत जाते. चुऱ्यानं लॉनवर थर जमते असं माळी सांगतात, ते खरं नाही, पात्यात बहुतेक पाणीच असते, लवकर कुजते, थर जमते तो खोडाचा नि मुळ्यांचा. एकच अट, उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही, नाहीतर ढीग पडतात नि खालचं गवत पिवळं होते. पावसाळ्यात त्यामुळे मशीन लवकर लवकर फिरवावी लागते, डिझेल-पेट्रोल लागते, ते खरं.

पण लग्नसराईत चुरा ठेवता येत नाही. पैठणीला गवत चिकटलं तर नवरीची मावशी मॅनेजरला सोडत नाही. इथं ह्या गटाची सर्विस मला सगळ्यात आवडली: तो चुरा ते घेऊन जातात नि खताच्या बिलात कमी करतात. नुसतं हिरवं गवत ढीग करून ठेवलं की तापते नि सडते, गांडुळं मरतात, म्हणून ते त्यात सोयाबीनचं कुटार (भुसा) नि शेण मिसळतात, कुजवून मगच गांडुळांच्या बेडमध्ये. त्यांच्या अटी कडक आहेत. चमकी असलेली गोणी परत पाठवतात, "भाऊ, हे तुमच्या डीजेवाल्याले द्या" असं तोंडावर सांगतात. उरलेली भाजी, तेलकट-खारट काही घेत नाहीत. हरळीची उपटलेली मुळी तर अजिबात नाही, कारण तीच खतातून कुणाच्या वावरात गेली तर शिव्या त्यांनाच. आणि लॉनवर टू फोर डी (तणनाशक) मारलं असेल तर तो चुरा घेतच नाहीत, हे त्यांनी स्वतःहून विचारलं म्हणून मला जास्त विश्वास बसला. कपाशीला त्या औषधाचं जरासं वारं लागलं तरी पानं भेंडीसारखी होतात, इकडल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको.

तर मी आता करतो काय? पावसाळा लागला की ह्यांचं खत नखाएवढ्या जाडीचा थर, तेही जिथं मंडपाच्या खुंट्यांनी नि खुर्च्यांनी जमीन दबली तिथंच, लॉनभर नाही. बाकी वेळ चुरा. नत्र कमी पडलं तर थोडासा युरिया, थोडा थोडा, लगेच पाणी देऊन, कारण आपल्या चुनखडी जमिनीत वरच राहिला तर हवेत उडून जाते. आणि झडीत फेकला तर विहिरीत. वर्धा, अमरावती, बुलढाणा ह्या जिल्ह्यांत बऱ्याच ठिकाणी भूजलात नायट्रेट (नत्र पाण्यात उतरलं की होते ते) हद्दीच्या वर असल्याचं केंद्रीय भूजल मंडळच सांगते, प्यायच्या पाण्याची हद्द लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. लग्नात जार मागवता ठीक आहे, पण बाजूच्या वस्तीवरचे लोक तेच बोअरचं पाणी पितात ना.

पिवळेपणा दिसला की सगळे नत्र नत्र करतात, पण कोवळं पान पिवळं नि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता आहे, सामू जास्त असला की लोह लागू होत नाही. त्यावर गांडूळ खताच्या दहा गोण्या टाकून उपयोग नाही, फेरस सल्फेटची फवारणी करा, फक्त लादीवर उडू देऊ नका, डाग जात नाही.

म्हणजे ह्या खताला पाचपैकी चार देतो आणि वर सांगतो की गट सांगेल त्याच्या निम्मंच घ्या. ताईंना हे वाचून राग येईल, पण चुऱ्याचं गिऱ्हाईक म्हणून मी त्यांच्या कामाचा आहेच. एक गुण कापला ओलीचा नि थोडा बिलाचा, हातानं लिहिलेलं कच्चं बिल देतात, ऑडिटवाल्याला दाखवता येत नाही. ऑर्डर फेब्रुवारीतच द्या, एप्रिल-मेमध्ये ऊन वाढलं की बेडला पाणी मारून मारून त्यांचाच जीव जाते नि माल निघत नाही, मग जूनमध्ये सगळे एकदम मागतात.