एकही भाग न गाळता स्टार ट्रेक: बऱ्याच महिन्यांनंतरची, चाहत्यांना न पटणारी मतं

स्टार ट्रेक या अंतराळप्रवासाच्या मालिका नव्याने बघायला घेतल्या की जुने चाहते सगळ्यात आधी हातात देतात ती गाळायच्या भागांची यादी. 'नेक्स्ट जनरेशन'चे पहिले दोन सीझन सोडा, 'डीप स्पेस नाइन' युद्ध सुरू होईपर्यंत पळवत न्या, 'व्हॉयेजर' सेव्हन ऑफ नाइन हे पात्र आल्यावरच बघा, आणि पहिल्या सिनेमाच्या वाटेला जाऊ नका. मी ती यादी बाजूला ठेवली. १९६६ च्या मूळ मालिकेपासून २००५ मध्ये संपलेल्या 'एंटरप्राइझ'पर्यंत, ॲनिमेटेड मालिका धरून, ७०० हून अधिक भाग आणि मधले सिनेमे ज्या क्रमाने आले त्याच क्रमाने पाहिले. त्यात बरेच महिने गेले. मग नव्यांपैकी 'डिस्कव्हरी' आणि 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' घेतल्या.

एवढं सगळं पाहून माझं मत पक्कं झालं आहे: स्टार ट्रेकचा जीव त्याच्या वादांत आहे. चारपाच समंजस माणसं एका अवघड प्रश्नाभोवती बसतात आणि कुणीही मूर्ख नसताना त्यांचं पटत नाही. हे या मालिकांना जसं जमलं तसं टीव्हीवर फार थोड्यांना जमलं. लढाया, खलनायक, विश्वाचा विनाश टाळणं हे दुसरीकडेही मिळतं आणि पुष्कळदा जास्त चांगलं मिळतं. चाहत्यांच्या आवडत्या भागांच्या याद्या मात्र लढायांनी भरलेल्या असतात. माझी बाकीची मतं याच एका मतातून निघाली आहेत. पुढे कथानकं उघड होणार आहेत, तेव्हा पाहायचं बाकी असेल त्यांनी जपून वाचावं.

सुरुवात डॉक्टर पुलास्कीपासून करतो, कारण तिच्यावर सगळ्यात जास्त अन्याय झाला आहे. 'नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या सीझनला डॉक्टर क्रशर नव्हती, तिच्या जागी पुलास्कीच्या भूमिकेत डायना मुलडॉर आली आणि एका सीझनमध्ये गेली. चाहत्यांना ती आवडत नाही, कारण ती डेटा या यंत्रमानव अधिकाऱ्याशी तुसडेपणाने वागते. पहिल्याच भागात ती त्याचं नाव चुकीचं उच्चारते, तो दुरुस्त करतो, तर ती विचारते, फरक काय पडतो? डेटा सांगतो की एक माझं नाव आहे आणि दुसरं नाही. मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. डेटा माणूस आहे की यंत्र, हा या मालिकेचा सगळ्यात मोठा प्रश्न. जहाजावरच्या प्रत्येकाने तो आधीच सोडवून टाकला असेल तर प्रश्न उरतोच कुठे? पुलास्कीला शंका आहे आणि ती ती लपवत नाही. पुढे तिचं मत हळूहळू बदलतं. सीझनच्या शेवटाकडे डेटा एका खेळात हरतो आणि आपल्यात बिघाड आहे असं समजून ब्रिजवरून, म्हणजे जहाजाच्या नियंत्रणकक्षातून, बाजूला होतो, तेव्हा त्याची समजूत घालायला जाणाऱ्यांत ती असते. हा बदल बघायचा तर सीझन पूर्ण बघावा लागतो. निवडक चार भागांत ती फक्त खडूस दिसते.

आणि याच 'वाईट' सीझनमध्ये 'द मेझर ऑफ अ मॅन' आहे, १९८९ चा. एका शास्त्रज्ञाला डेटाचे सुटे भाग करून अभ्यास करायचा आहे. डेटा नकार देतो, तर प्रश्न येतो की नकार द्यायचा हक्क त्याला आहे का, की तो स्टारफ्लीट या अंतराळदलाच्या मालकीची वस्तू आहे? सुनावणी होते. कॅप्टन पिकार्ड डेटाच्या बाजूने उभा राहतो आणि विरुद्ध बाजू मांडायचं काम त्याचा दुय्यम अधिकारी रायकरच्या गळ्यात पडतं. त्याने मन लावून युक्तिवाद केला नाही तर निकाल थेट डेटाच्या विरोधात जाणार असतो. म्हणून रायकर आपल्या मित्राचा हात काढून दाखवतो, त्याला बंद करून टाकतो, आणि खटला जवळजवळ जिंकतो. एकही गोळी नाही, सेट म्हणजे दोनचार खोल्या. शेवटी न्यायाधीश बाई सांगतात की डेटाला आत्मा आहे का हे त्यांना ठाऊक नाही, पण निवड करायचा हक्क त्याला आहे. हा भाग एकटा काढून पाहिला तरी उत्तम आहे, पण पुलास्कीची शंका आधी ऐकलेली असली की तो दुप्पट लागतो.

याला जोडूनच दुसरं न पटणारं मत. स्टार ट्रेकचा निर्माता जीन रॉडनबेरीने 'नेक्स्ट जनरेशन'च्या लेखकांवर बंधन घातलं होतं की २४ व्या शतकातली माणसं हेवेदावे, क्षुद्रपणा मागे टाकून आलेली असतील, तेव्हा क्रूमध्ये आपापसांत भांडणं नकोत. लेखक यावर वैतागायचे आणि चाहतेही आज या नियमाला नावं ठेवतात. मला तो नियम मालिकेचं सगळ्यात मोठं बळ वाटतो. कुणी कुणाचा मत्सर करायचा नाही, कुणी पाठीत सुरा खुपसायचा नाही, मग कथा पुढे कशी न्यायची? मतभेद तत्त्वाचेच ठेवावे लागतात. तिसऱ्या सीझनपासून लेखकांची धुरा सांभाळणाऱ्या मायकेल पिलरने या बंधनाला रॉडनबेरीची चौकट म्हटलं आणि ती आपल्याला आवडते असंही सांगितलं. त्याच्याच काळात 'फॅमिली'सारखा भाग निघाला. बोर्ग या अर्धयंत्र जमातीच्या तावडीतून सुटलेला पिकार्ड भावाच्या द्राक्षमळ्यात जातो, दोघे चिखलात मारामारी करतात आणि पिकार्ड रडतो. त्यांच्या एंटरप्राइझ जहाजाचा ब्रिज त्या भागात एकदाही दिसत नाही. त्याआधीचा बोर्गचा दोन भागांचा हल्ला सगळ्यांच्या यादीत वर असतो. मी 'फॅमिली' त्याच्यावर ठेवतो.

आता एका अंतराळस्थानकावर घडणारी 'डीप स्पेस नाइन'. ही सगळ्यांत चांगली स्टार ट्रेक मालिका, असं आज बहुतेक जाणकार चाहते म्हणतात, आणि पुरावा म्हणून १९९८ चा 'इन द पेल मूनलाइट' पुढे करतात. त्यात स्थानकाचा प्रमुख सिस्को रोम्युलन या परक्या सत्तेला युद्धात ओढण्यासाठी खोटा पुरावा तयार करतो, त्याला मदत करणारा माजी हेर गॅरॅक त्यांच्या एका सेनेटरचा जीव घेतो, आणि सिस्को म्हणतो की हे ओझं घेऊन मी जगू शकतो. एव्हरी ब्रुक्सचा अभिनय जबरदस्त आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्या भागात सिस्कोला आडवं जाणारं कुणी आहे का? वरिष्ठ परवानगी देतात. गॅरॅक तर त्याच्याही दोन पावलं पुढे. सिस्को एकटाच कॅमेऱ्याशी बोलतो आणि शेवटी ती नोंदही पुसून टाकतो. कीरा, ओडो, बशीर या सहकाऱ्यांपैकी एकाला जरी हे कळलं असतं आणि त्याने जाब विचारला असता, तर तो भाग मी डोक्यावर घेतला असता. बरोबर आधीच्या भागात सेक्शन ३१ ही फेडरेशनची, म्हणजे माणसांचा सहभाग असलेल्या ग्रहसंघाची, गुप्त संघटना पहिल्यांदा येते. घाणेरडं काम कुणीतरी चोरून करतंय म्हणून हे स्वच्छ जग टिकून आहे, ही कल्पना तिथून पुढे इतकी मुरली की २०२५ मध्ये त्या संघटनेच्या नावाचा सिनेमा आला. मला हा परिपक्वपणा वाटत नाही. प्रश्न टाळण्याची ती सोपी वाट आहे.

माझ्या मते या मालिकेचा सर्वोत्तम भाग पहिल्याच सीझनमध्ये आहे, त्या पळवत न्यायला सांगितलेल्या सीझनमध्ये. 'ड्युएट', १९९३. बजोर या ग्रहावर कार्डॅशियन नावाच्या परक्यांनी कित्येक वर्षं सत्ता गाजवली, छळछावण्या चालवल्या. त्यातल्या एका छावणीचा क्रूर प्रमुख बजोरी अधिकारी कीराच्या हाती लागतो. निदान तिला तसं वाटतं. चौकशी पुढे जाते तसं उघड होतं की तो प्रमुख नाही, तिथला साधा कारकून आहे. कैद्यांच्या किंकाळ्या ऐकून काही करू न शकलेला. त्याने मुद्दाम त्या प्रमुखाचं सोंग घेतलं आहे, कारण आपल्यावर खटला चालला तर आपल्या देशाला गुन्हा कबूल करावा लागेल अशी त्याला आशा आहे. जवळजवळ सगळा भाग एक कोठडी आणि दोन माणसं एवढ्यात घडतो. पुढची सगळी आरमारं आणि स्फोट एका बाजूला ठेवले तरी माझ्या लेखी हे पारडं जड आहे. युद्धाचे सीझन वाईट आहेत असं मी म्हणत नाही. पण बजोर सावरतंय कसं, ज्यांनी छळलं त्यांच्या शेजारी जगायचं कसं, ही मूळ गोष्ट युद्धाच्या गदारोळात मागे पडत गेली, याची खंत वाटते.

सिनेमांबद्दल माझं मत सांगितलं की चर्चा तापते. १९७९ चा 'द मोशन पिक्चर' मला 'द रॅथ ऑफ खान'पेक्षा जास्त स्टार ट्रेक वाटतो. तो संथ आहे, मान्य. नव्या एंटरप्राइझभोवती कॅमेरा कित्येक मिनिटं फिरत राहतो. पण मागे जेरी गोल्डस्मिथचं संगीत आहे (त्यातलीच मुख्य धून पुढे 'नेक्स्ट जनरेशन'ची ओळख झाली) आणि जहाजावर जीव जडलेल्या माणसाचे डोळे कसे फिरतील तसा तो कॅमेरा फिरतो. पृथ्वीवर चालून येणारं ते प्रचंड काहीतरी शेवटी कुणाला मारायला आलेलंच नसतं. ते आपल्या निर्मात्याला शोधत असतं. स्पॉक त्याच्याशी मनाने जोडला जातो आणि शुद्धीवर आल्यावर कॅप्टन कर्कचा हात धरून सांगतो की ही साधी भावना त्याच्या आकलनापलीकडची आहे. शक्य असेल तर रॉबर्ट वाइजची २००१ ची दिग्दर्शकीय आवृत्ती बघा, २०२२ मध्ये ती फोर-के रूपातही आली.

खानचा सिनेमा उत्तम आहे, पण त्याने एक साचा पाडला. नेमेसिस, २००९ चा सिनेमा, त्यापुढचा 'इन्टू डार्कनेस', सगळीकडे सूडाने पेटलेला एक माणूस. मधल्या 'द व्हॉयेज होम'मध्ये खलनायक नावालाही नाही, गोष्ट देवमाशांची आहे, आणि तो सगळ्यांना आवडतो. तरी त्यातून कुणी धडा घेतला नाही.

बोर्गबद्दल थोडक्यात: त्यांना राणी दिली तिथे भीती संपली. ज्यांच्याशी बोलणंच शक्य नाही ते भयंकर होते, राणीशी बोलता येतं.

'व्हॉयेजर'ला कच्चं समजतात, कारण प्रत्येक भागानंतर सगळं पूर्ववत होतं. ७५ वर्षांच्या अंतरावर भरकटलेलं जहाज दर आठवड्याला नवंकोरं दिसतं, हे खरंच खटकतं. पण सुट्या भागांची अशी श्रीमंती दुसऱ्या मालिकेत क्वचित मिळते. 'लिव्हिंग विटनेस'मध्ये ७०० वर्षांनंतरच्या एका संग्रहालयात व्हॉयेजरचा क्रू युद्धगुन्हेगार म्हणून मांडलेला आहे. जहाजावरच्या डॉक्टरची (तो संगणकाने घडवलेला आहे) जुनी प्रत जागी होते आणि इतिहास कुणाचा खरा यावर वाद पेटतो. 'टुव्हिक्स'वर चाहते आजही भांडतात: अपघाताने क्रूतले टुव्हॉक आणि नीलिक्स एकत्र येऊन एक नवाच माणूस तयार होतो, तो जगायची भीक मागतो, आणि कॅप्टन जेनवे दोघांना परत मिळवण्यासाठी त्याला संपवते. डॉक्टर नकार देतो, म्हणून ती स्वतःच्या हाताने ते करते. माझ्या मते ती चुकली. पण भाग तिला निर्दोष ठरवत नाही, तिची ती चाल आणि तो चेहरा आपल्यापुढे ठेवून थांबतो. माझी तक्रार वेगळी आहे. पुढच्या भागांत यावर कुणीच काही बोलत नाही.

'एंटरप्राइझ'चा चौथा सीझन सगळे उचलून धरतात. त्यात क्लिंगॉन या परग्रहवासीयांची कपाळं मूळ मालिकेत सपाट का होती याचं दोन भागांचं स्पष्टीकरण आहे. १९६० च्या दशकात मेकअपला पैसे नव्हते, एवढं पुरेसं होतं. त्यापेक्षा पहिल्या सीझनमधला 'डिअर डॉक्टर' बघा. मरायला टेकलेल्या एका जमातीसाठी हातात औषध असून जहाजाचा डॉक्टर फ्लॉक्स ते द्यायला नको म्हणतो. मला त्याचं म्हणणं मुळीच पटत नाही, पण बघून झाल्यावर बराच वेळ डोक्यात तेच चाललं होतं.

चित्राच्या दर्जाबद्दल सांगायला हवं. 'नेक्स्ट जनरेशन' मूळ फिल्मवरून पुन्हा घडवली आहे आणि मोठ्या पडद्यावर झकास दिसते. 'डीप स्पेस नाइन' आणि 'व्हॉयेजर' फिल्मवर चित्रित झाल्या, पण संकलन व्हिडिओवर झालं, आणि ते काम पुन्हा कुणी केलेलं नाही. पडदा जितका मोठा तितकं चित्र धूसर. लहान पडद्यावर बघणं बरं.

नव्या मालिकांच्या दहा-पंधरा भागांच्या सीझनबद्दल चाहते म्हणतात की भरताड गेली, बरं झालं. मला त्या भरताडीचीच उणीव भासते. 'डिस्कव्हरी'त दर सीझनला एवढं मोठं संकट असतं की ब्रिजवरच्या माणसांची नावं लक्षात राहायलाही उसंत मिळत नाही. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'ने सुट्या भागांकडे वळून बरंच सावरलं. त्यातला २०२३ चा 'ॲड ॲस्ट्रा पर ॲस्पेरा' पुन्हा एक खटलाच आहे: जनुकीय बदल झालेली अधिकारी, तिला हाकलणारा कायदा, आणि कधीकाळी मैत्री तुटलेली वकील.

ज्यांना सगळं बघायला वेळ नाही त्यांनी याच क्रमाने बघावं: 'द मेझर ऑफ अ मॅन', 'फॅमिली', 'ड्युएट', 'टुव्हिक्स', 'लिव्हिंग विटनेस', 'ॲड ॲस्ट्रा पर ॲस्पेरा'. आवडले तर 'नेक्स्ट जनरेशन'च्या दुसऱ्या सीझनचा पहिला भाग लावा आणि तिथून एकही न गाळता पुढे जा.