बेसमेंटमध्ये रेंज आणायची आहे: लीकी केबल, अँटेना की वायफाय?

दोन मजली बेसमेंट, खाली ईव्ही चार्जर, आणि चार्जिंग सुरू करायला अ‍ॅप. अ‍ॅपला नेट लागतं, म्हणून माणूस फोन हातात धरून रॅम्पवर पळतो. हे चित्र ओळखीचं असेल आणि सोसायटीच्या कमिटीसमोर कोटेशनं पडली असतील, तर आधी जागेचा आकार बघा.

बेसमेंट म्हणजे एका अर्थी बोगदाच. लांब लहर जास्त आत पोचेल असं आपल्याला वाटतं, पण बोगद्यातलं गणित उलट असतं. एएम रेडिओची लहर सुमारे 300 मीटर लांब, एफएमची 3 मीटर, 900 मेगाहर्ट्झच्या मोबाइलची जेमतेम 33 सेंटिमीटर. दहा मीटर रुंदीच्या बोगद्यात एएमची लहर मावतच नाही, त्यामुळे ती तोंडाशीच संपते. मोबाइलची लहर सरळ बोगद्यात बरीच आत जाते, पण वळण आलं किंवा पुढे ट्रक आला की तीही अडते. बेसमेंटमध्ये रॅम्प म्हणजे बोगद्याचं तोंड, आणि वळण तिथेच. शिवाय डोक्यावर सळईने भरलेला स्लॅब.

लीकी केबल म्हणजे डिश टीव्हीला असते तशा जातीची, पण जाड कोअ‍ॅक्सियल केबल, जिच्या बाहेरच्या तांब्याच्या आवरणाला मुद्दाम खाचा पाडलेल्या असतात. ठिबक सिंचनाची नळी डोळ्यांपुढे आणा: पाणी थेंबाथेंबाने सगळीकडे पडतं, तसा सिग्नल वाटभर झिरपतो. रस्त्याच्या आणि मेट्रोच्या बोगद्यांत ती शोभते, कारण गाडी कुठेही असली तरी केबल काही मीटरवरच असते. मीटरवर पैसे मोजावे लागतात आणि टांगायचं कामही किचकट. तुमचं बेसमेंट लांबट, मधोमध एकच ड्राइव्ह-वे असलेलं असेल, तरच हिचा विचार करा.

पसरट, खांबांनी भरलेल्या बेसमेंटला छताचे छोटे अँटेना बरे. प्रत्येक कोपऱ्याला एक देता येतो, पुढे भिंत घातली तर आणखी एक वाढवता येतो. माझा कौल बहुतेक सोसायट्यांसाठी इथेच. फक्त ठेकेदाराला एक प्रश्न लेखी विचारा: अँटेना कुठल्या फ्रिक्वेन्सीपर्यंत चालतो? जुना माल 2700 मेगाहर्ट्झला थांबतो आणि 5जीचा मोठा भाग 3300 च्या पट्ट्यात आहे. केबलच्या खाचांनाही हाच प्रश्न लागू.

केबल काय, अँटेना काय, नुसते पाइप आहेत. त्यात पाणी, म्हणजे सिग्नल, सोडायचं काम मोबाइल कंपनीचं. एकच कंपनी आली तर बाकीच्या सिमवाले एजीएममध्ये (वार्षिक सभेत) तुम्हाला सोडणार नाहीत, म्हणून सगळ्यांना एकाच यंत्रणेवर आणायचा आग्रह धरा. पत्रव्यवहारात महिने जातात, हे गृहीत धरा.

तेवढ्यात कोणीतरी ऑनलाइन मिळणारा स्वस्त बूस्टर (सिग्नल वाढवणारा डबा) सुचवेल. नको. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे, आणि त्याचा गोंगाट टॉवरकडे उलटा जाऊन आजूबाजूच्या इमारतींचे कॉल बिघडवतो. माझ्या ओळखीच्या एका सोसायटीत तपासणीवाले हातात सिग्नलची दिशा शोधणारा अँटेना घेऊन थेट गच्चीवर पोचले होते.

वायफाय कॉलिंग, म्हणजे टॉवरऐवजी वायफायवरून फोन, भारतात 2019-20 च्या सुमारास आलं, आणि आजही सर्वांत स्वस्त मार्ग तोच. तीन-चार अ‍ॅक्सेस पॉइंट (वायफाय पसरवणारे डबे), यूपीएस, झालं. सिम कुठल्याही कंपनीचं चालतं. चार्जरपुरतीच अडचण असेल तर इथेच थांबा. पण डिलिव्हरीवाला आणि पाहुणा पासवर्ड विचारत बसणार, आणि अग्निशमनवाल्यांच्या वॉकीटॉकीला याचा काडीचा उपयोग नाही. लिफ्ट तर स्वतःच पोलादी पेटी, तिचा इंटरकॉम तारेचाच ठेवा.

कोटेशनवर सही करण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये सिम स्टेटस उघडून खाली एक फेरी मारा. तिथे सिग्नलची ताकद डीबीएममध्ये दिसते: उणे 90 च्या आसपास ठीक, उणे 115 म्हणजे नसल्यातच जमा. फेरी रात्री अकरानंतर मारा, सगळ्या गाड्या लागलेल्या असताना. दुपारच्या रिकाम्या पार्किंगमधले आकडे ठेकेदाराला आवडतात.