बेणेमळ्यासाठी घेतलेली टिश्यू कल्चर ऊसरोपं : लावणीपासून तोडीपर्यंतचा अनुभव

वाळवा तालुक्यात आमची साडेतीन एकर बागायत आहे, सगळा ऊसच. सप्टेंबर २०२३ मध्ये एका खासगी रोपवाटिकेतून मी को ८६०३२ या ऊसजातीची ११०० टिश्यू कल्चर (प्रयोगशाळेत बाटलीत वाढवलेली) रोपं आणली, दहा गुंठे बेणेमळ्यासाठी, म्हणजे पुढच्या लावणीचं बेणं तयार करायला. दर साध्या एक डोळा रोपाच्या (एका डोळ्याच्या कांडीपासून केलेल्या) तिपटीहून जास्त पडला. मामंजींना पटलं नव्हतं. "घरचं बेणं असताना विकत कशाला आणायचं?" असं त्यांचं म्हणणं.

पण घरच्या बेण्याचं दुखणं मला दिसत होतं. आदल्या वर्षी खोडव्यात (तोडीनंतर पुन्हा फुटलेल्या उसात) पानं पिवळी पडली, म्हणून फेरस (लोह) आणि झिंकच्या दोन फवारण्या केल्या. फरक शून्य. मग एक दिवस वरून चौथं पान उलटं करून उन्हात धरलं. पातं दोन्ही बाजूंना हिरवं आणि मधली शीर तेवढी हळदीसारखी पिवळी. लोह कमी पडलं तर उलटं होतं, शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. शेंड्याजवळच्या कांड्याही आखूड झाल्या होत्या, पानांचा नुसता झुबका. हा पिवळ्या पानांचा विषाणू. बीएस्सी ॲग्रीला शिकले होते, पण स्वतःच्या रानात ओळखायला मला दोन हंगाम लागले, याचं फार वाईट वाटतं.

हा विषाणू १९८० च्या दशकाच्या अखेरीस हवाईत लक्षात आला, आपल्या देशात १९९९ साली त्याची नोंद झाली. गव्हा-सातूवरचे, बटाट्यावरचे आणि वाटाण्यावरचे विषाणू याचे भाऊबंद, आणि त्यांच्या पूर्वजांच्या जनुकांचे तुकडे एकमेकांत मिसळून हा तयार झाला असं शास्त्रज्ञांना आढळलं आहे. त्याचे प्रकारही देश-प्रदेशांच्या नावाने ओळखतात: ब्राझील, पेरू, क्युबा, हवाई, रियुनियन, चीन, आणि एक भारताच्या नावाचा. देशोदेशी तो गेला तो मुख्यतः बेण्यातून. रानातल्या रानात त्याला मावा ही रस शोषणारी कीड पसरवते.

म्हणूनच टिश्यूचं रोप घ्यायचं. कोंबाच्या अगदी टोकाच्या इवल्याशा पेशींत रसवाहिन्या तयार झालेल्या नसतात, तिथवर विषाणू सहसा पोचत नाही. ते टोक काढून बाटलीत वाढवतात. पण "सहसा" हा शब्द महत्त्वाचा आहे. मूळ झाड पीसीआरने (विषाणू शोधणाऱ्या प्रयोगशाळेतल्या चाचणीने) तपासलेलं नसेल तर बाटलीतून रोगाच्याच हजारो प्रती निघतील, आणि ट्रेमध्ये ती रोपं हिरवीगार दिसतील. लक्षणं सहा महिन्यांनी येतात. गरम हवेची बेणेप्रक्रिया केली की झालं, असं आमच्याकडे बरेच जण समजतात. गवताळ वाढ या उसाच्या दुसऱ्या रोगावर तिचा उपयोग होतो, या विषाणूवर नाही.

केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने टिश्यू कल्चर रोपांसाठी २००६ मध्ये प्रमाणीकरण सुरू केलं. त्यात विषाणूंची तपासणी होते आणि मालावर लेबल येतं. मी आधी दुसऱ्या एका रोपवाटिकेत गेले होते. तिथे लेबल मागितल्यावर "ताई, विश्वास ठेवा" एवढंच उत्तर मिळालं. एक रोप उपसून पाहिलं तर बुडाला कापलेली कांडी होती. ते एक डोळा रोप होतं, टिश्यूच्या दराने विकायला ठेवलेलं. तिथून उठून आले. ज्यांच्याकडून घेतली त्यांनी लेबल न मागता हातात दिलं.

त्यांच्याबद्दल माझी एक तक्रार आहे. टेम्पो सकाळी येणार होता, आला भर दुपारी दोनला. सत्तर रोपं जळाली. ती आठवड्यात बदलून मिळाली, पण तुटाळी (रिकाम्या जागा) भरताना सरी पुन्हा भिजवावी लागली. सोबतच्या माहितीपत्रकात खतांचं पान भरलेलं, माव्याबद्दल एक ओळ नाही. ही मोठी चूक वाटते, कारण निरोगी रोपही शेजारच्या उसावरून आलेल्या माव्याने रोगी होतं.

पहिल्या वर्षी फुटवे भरपूर आले, पण ऊस बारीक. टिश्यूचं तसंच असतं. हा ऊस बेण्यासाठी ठेवायचा, कारखान्याला घालायचा नाही. जुलै २०२४ मध्ये त्यातून दीड एकर आडसाली (साधारण दीड वर्षाच्या उसाची) लावण केली, शेजारी अर्धा एकर जुन्या बेण्याची. फेब्रुवारीत मामंजींना दोन्हीकडे नेलं आणि पानं उलटायला लावली. जुन्या बेण्यात दहातली सहा-सात पिवळ्या शिरेची निघाली. नव्यात वीस पानं पाहिली, एक निघालं, तेही जुन्या उसाला लागून असलेल्या सरीत. ते बेट त्यांनीच खणून काढलं.

डिसेंबरात तोड झाली. एकरी ११ टनांचा फरक पडला. जुना तुकडा थोडा पाणथळ आहे, तेव्हा सगळा फरक रोगाचा असं मी म्हणणार नाही.

यंदा पुन्हा याच रोपवाटिकेत नोंदणी केली आहे, १२०० रोपांची. टेम्पो रात्रीच निघाला पाहिजे, हे पावतीवर लिहून घेतलंय. ॲडव्हान्स मामंजींनी दिला.