७०७५ की ६०६१?
हे दोन्ही ॲल्युमिनियमचे मिश्रधातू. टी-६ अवस्थेत, म्हणजे उष्णता-प्रक्रियेने कठीण केल्यावर, ७०७५ चं ताणबल (ओढल्यावर तुटेपर्यंत सोसलेला ताण) सुमारे ५७० मेगापास्कल, ६०६१ चं जेमतेम ३१०. ही किमया मुख्यतः जस्ताची: ७०७५ मध्ये ते साडेपाच टक्क्यांच्या आसपास असतं, जोडीला मॅग्नेशियम आणि तांबं. वजन मात्र जवळपास सारखंच. त्यामुळे विमानाच्या पंखातले भाग, गिअर, साचे यांना ७०७५ च हवा.

पण त्याच्या वेल्डिंगच्या फंदात पडू नका. नेहमीच्या आर्क वेल्डिंगने जोडाला तडे जातात. वेल्ड केलेल्या फ्रेमसाठी मी ६०६१ च निवडेन. गंजालाही तो सहसा दाद देत नाही. सतत ताण आणि खारी, दमट हवा असूनही ७०७५ च वापरायचा असेल, तर टी-७३ (उष्णता-प्रक्रिया टी-६ पेक्षा पुढे नेलेली अवस्था) मागवा. ताकद दहा-पंधरा टक्के घटते, पण ताणामुळे गंजून भेगा पडण्याचा धोका खूपच कमी होतो.