पुणे–नागपूर विमान: 605 किलोमीटर, पण तास नेमके किती?

पुण्याच्या लोहगावहून नागपूरच्या सोनेगावला सरळ हवाई रेषेत अंतर भरतं सुमारे 605 किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत 327 नॉटिकल मैल. रस्त्याने हेच सातशेच्या वर जातं. जेट विमान ताशी 800–850 किलोमीटरने जातं म्हणून लोक पाऊण तासाचा हिशेब मांडतात आणि तिकिटावर दीड तासाच्या आसपास वेळ दिसली की चक्रावतात.

तिकिटावरची वेळ ही ब्लॉक टाइम. चाकांचे ठोकळे काढून विमान जागेवरून हललं की ती सुरू होते आणि पलीकडे पुन्हा ठोकळे लागले की संपते. मधलं टॅक्सी करणं, धावपट्टीसाठी थांबणं, उतरण्याआधी घातलेल्या घिरट्या सगळं त्यात आलं. प्रत्यक्ष हवेतली वेळ तासाभराचीच, आणि त्यातलाही मोठा भाग चढण्या-उतरण्यात जातो; पूर्ण वेग जेमतेम मधल्या टप्प्यात मिळतो. पुण्यात हवाई दलाची एकच धावपट्टी सगळे वापरतात, त्यामुळे वेळापत्रकात थोडा जास्तीचा वेळ ठेवावाच लागतो. म्हणून वीस मिनिटं उशिरा निघालेलं विमान कधी कधी वेळेवर पोचतं.

दिशेनेही फरक पडतो. हिवाळ्यात वरच्या थरात पश्चिमेचं वारं जोरात असतं. नागपूरला जाताना ते पाठीशी, परतताना तोंडावर. ताशी 80 किलोमीटरचं वारं धरलं तर कागदावर आठेक मिनिटांचा फरक निघतो. पुढची कनेक्टिंग फ्लाइट पुण्याहून असेल तर हे लक्षात ठेवा. हिवाळ्यातलं पहाटेचं विमान धुक्याच्या भरवशावर असतं, ते आम्ही तरी टाळू.

ब्लॉक टाइमचा एक फायदा फार थोड्यांना ठाऊक असतो. अडीच तासांपर्यंत ब्लॉक टाइम असलेल्या उड्डाणाला दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं देणं डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमानुसार कंपनीवर बंधनकारक आहे. काउंटरवर स्वतःहून कोणी सांगेल याची वाट पाहू नका, मागून घ्या.

खरी गोम जमिनीवर आहे. कोथरूड ते लोहगाव संध्याकाळी सव्वा तास, म्हणजे विमान हवेत असतं त्याहून जास्त. मेट्रोने रामवाडीपर्यंत येऊन पुढे रिक्षा केली तर नगर रोडची कोंडी बरीचशी टळते. बॅगेज काउंटर बहुतेक ठिकाणी उड्डाणाच्या 60 मिनिटं आधी बंद होतं. घर ते घर पाच तास धरा. नागपूरची बाजू मात्र सोपी: वर्धा रोडवरून धरमपेठ अर्ध्या तासात. मेट्रोचं एअरपोर्ट स्टेशन टर्मिनलच्या दारात नाही, जड बॅगा असतील तर रिक्षाच बरी.

नागपूरच्या अजनी स्टेशनवरून सुटणाऱ्या अजनी–पुणे वंदे भारत रेल्वेला 12 तास लागतात आणि अख्खा दिवस जातो. दिवाळीत विमानाचं भाडं आभाळाला टेकलं की तीच परवडते. एरवी दोन-तीन आठवडे आधी तिकीट काढता आलं तर विमानच घ्या. चेक-इनला सहसा 15 किलो, हातात 7. संत्रा बर्फीचे डबे हातातल्या बॅगेत ठेवा. खाली दिलेल्या बॅगेत ते चेपतात.